हेलसिंकी ते टोकियो: नऊ तास की तेरा?

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांच्यातलं हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. १९८३ साली ते तेवढंच होतं, २०१९ सालीही तेवढंच होतं आणि आजही तेवढंच आहे. पण ते न थांबता कापायला प्रवासी विमानाला १९८३ मध्ये सुमारे तेरा तास लागत, २०१९ मध्ये साडेनऊच्या आसपास लागत आणि मार्च २०२२ पासून पुन्हा तेरा लागू लागले. मधल्या चाळीस वर्षांत इंजिनं काटकसरी झाली, हवामानाचे अंदाज नेमके झाले, वैमानिकाच्या हाती उपग्रहांचं दिशादर्शन आलं. आणि एवढं सगळं होऊन वेळापत्रक जिथून निघालं होतं तिथेच परत आलं. या उलटसुलट प्रवासातून मला जे दिसतं ते असं: दूरच्या दोन शहरांमधला वेळ ठरवण्यात भूगोलाचा आणि यंत्राचा वाटा आपण धरतो त्याहून कमी असतो, आणि वाटेतल्या देशांनी दिलेल्या किंवा नाकारलेल्या परवानगीचा वाटा कितीतरी जास्त. दोन शहरांची नावं टाकली की संगणक अंतराचा जो आकडा फेकतो तो खरा असतो, पण तो सरकारं नसलेल्या पृथ्वीचा असतो.

भूगोलाचं देणं आधी चुकतं करू. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशावर हेलसिंकी आणि टोकियो पट्टीने जोडले, तर रेघ रशिया ओलांडून दक्षिण मंगोलियाच्या वाळवंटावरून जाते. त्या रेघेने गेलं तर अंतर भरतं साधारण ८,७५० किलोमीटर. तेच पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिलं, तर दोरा आधी ईशान्येला चढतो, आर्क्टिक वृत्ताला किंचित ओलांडतो, सायबेरियाच्या उत्तर भागातून वळून खाली उतरतो आणि जपानच्या समुद्रावर येतो. यालाच बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात, आणि तो नकाशावरच्या सरळ रेघेपेक्षा साडेनऊशे-एक किलोमीटरने जवळचा आहे. इथवर गणित. या गणिताने दिलेली वाट मात्र सुरुवात आणि शेवट सोडला तर जवळजवळ सबंध रशियावरून जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे फिनलंड आशियाच्या जवळ आला हे खरं, पण त्याच गोलाईने त्याला रशियाच्या दारात नेऊन उभं केलं हेही तितकंच खरं.

आता यंत्र. प्रवास लवकर होतो तो विमानं वेगवान झाल्यामुळे, हा समज फार पक्का आहे. आणि जेट येईपर्यंत तो बरोबरही होता. पण १९५८ मध्ये प्रवासी सेवेत आलेलं बोइंग ७०७ ध्वनिवेगाच्या साधारण ८० टक्क्यांनी उडत असे, आणि आजचं एअरबस ए३५० उडतं ८५ टक्क्यांनी. साठ वर्षांत वेगाची कमाई एवढीच. ध्वनिवेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडेनासा होतो, म्हणून सगळ्या कंपन्या त्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहिल्या. उंबरठा ओलांडणारं कॉन्कॉर्ड आठवून कुणी आक्षेप घेईल. पण कॉन्कॉर्डची गोष्ट माझ्याच बाजूची साक्षीदार आहे. डिसेंबर १९७७ मध्ये लंडन–बहारीन–सिंगापूर अशी कॉन्कॉर्डची सेवा सुरू झाली आणि तीन फेऱ्या होताहोताच बंद पडली, कारण मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून ध्वनीपेक्षा वेगाने जायला मलेशियाने हरकत घेतली. पुढे ती पुन्हा सुरू झाली, पण १९८० मध्ये कायमची थांबली. जगातलं सर्वांत वेगवान प्रवासी विमान अटलांटिकवर उडत राहिलं, त्याचं एक मोठं कारण असं की महासागरावर हरकत घ्यायला कुणी नसतं. यंत्राने खरी मदत केली ती वेगात नव्हे, पल्ल्यात. न थांबता किती दूर जाता येतं, हे वाढत गेलं. हा पल्ला टोकियोच्या वाटेवर कशासाठी खर्ची पडला, ते पाहण्यासारखं आहे.

युरोपातून जपानला जाणारं विमान पन्नासच्या दशकात मध्यपूर्व, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया असा दक्षिणेचा वळसा घालून जाई; थांबे धरून हा प्रवास पन्नासएक तासांचा होता. सोव्हिएत संघाचं आकाश परक्या विमानांना बंद होतं. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने, म्हणजे एसएएसने, कोपनहेगन–टोकियो सेवा उत्तर ध्रुवावरून सुरू केली. विमान होतं पंख्यांचं डीसी-७सी, इंधनाचा थांबा अलास्कातल्या अँकरेजला, आणि वेळ साधारण ३२ तास. ध्रुवावर लोहचुंबकाची सुई दिशा सांगेनाशी होते आणि सगळी रेखावृत्तं एका बिंदूत मिळतात, म्हणून या कंपनीच्या दिशादर्शकांनी ध्रुवीय प्रदेशासाठी वेगळीच जाळी आखली आणि खास घूर्णदर्शी होकायंत्रं वापरली. बुद्धी अचाट होती यात शंका नाही. पण ती कशासाठी वापरावी लागली? कोपनहेगनहून टोकियोची जवळची वाट बंद होती म्हणून. पुढची तीसएक वर्षं अँकरेज हा युरोप आणि जपान यांच्यामधला धर्मशाळेचा थांबा बनला. तिथल्या विमानतळावरचं उदोन नूडल्सचं दुकान त्या पिढीतल्या जपानी प्रवाशांना अजून आठवतं. अलास्कात जपानी शेवयांचा धंदा चालावा, हे भूगोलाच्या पुस्तकातून समजणार नाही.

सोव्हिएत संघाने दार पूर्ण बंद ठेवलं होतं असंही नाही. तो ते किलकिलं करून दाम घेत होता. १९६७ मध्ये जपान एअरलाइन्स आणि एअरोफ्लोत यांनी मिळून टोकियो–मॉस्को सेवा सुरू केली ती सोव्हिएत तुपोलेव्ह ११४ विमानाने, सोव्हिएत वैमानिकांसह. १९७० मध्ये जपानी कंपनीला स्वतःचं विमान सायबेरियावरून मॉस्कोमार्गे पश्चिम युरोपात नेता येऊ लागलं. परवानग्या मोजक्या, मॉस्कोचा थांबा सक्तीचा, आणि मोबदला एअरोफ्लोतला. फिनलंडचं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. १९४८ पासून सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार असलेला, युद्धोत्तर काळात मॉस्कोची मर्जी सांभाळण्यात हयात घालवलेला हा शेजारी. पण २२ एप्रिल १९८३ रोजी फिनएअरने टोकियोची सेवा सुरू केली तेव्हा तिचं विमान सायबेरियावरून गेलं नाही. इंधनाची जादा टाकी बसवलेलं डीसी-१०-३०ईआर सरळ उत्तरेला ध्रुवाकडे गेलं, बेरिंगच्या सामुद्रधुनीतून पॅसिफिकमध्ये उतरलं आणि तेरा तासांनी टोकियोला पोहोचलं. युरोपातून जपानला न थांबता जाणारी ही पहिली नियमित सेवा. तेव्हा ती तंत्रज्ञानाचा विजय म्हणून साजरी झाली, प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याची प्रशस्तिपत्रं मिळाली. विजय होताच, पण सोव्हिएत हद्दीला वळसा घालण्याइतकं इंधन अंगावर घेऊन उडण्याचा. वाढलेला पल्ला असा नकाराची भरपाई करण्यात खर्च झाला.

या वळशात चूक झाली तर काय होतं, हे त्याच वर्षी दिसलं. १ सप्टेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान वाट चुकून कामचात्का आणि मग साखालिनवर गेलं आणि सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. पाचच वर्षांपूर्वी, एप्रिल १९७८ मध्ये, याच कंपनीचं पॅरिस–अँकरेज विमान भरकटून मुर्मान्स्कच्या बाजूला घुसलं होतं. त्याच्यावरही मारा झाला, दोन प्रवासी मेले आणि वैमानिकाने ते गोठलेल्या तलावावर कसंबसं उतरवलं. ००७ नंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरी वापरासाठी खुलं करण्याचं जाहीर केलं. आज खिशातल्या फोनवर जी वाट दिसते तिच्या मुळाशी बंद आकाशाच्या कडेने जाणारा तो मार्ग आहे.

नव्वदच्या दशकात सायबेरिया खऱ्या अर्थाने उघडला आणि हेलसिंकीचं नशीब पालटलं. तेराचे साडेनऊ झाले. इथे एक आर्थिक बारकावा आहे, जो नुसतं ‘साडेतीन तास वाचले’ म्हणून कळत नाही. जाताना साडेनऊ, येताना दहाच्या आसपास, आणि दोन्ही टोकांना साफसफाई, इंधन, प्रवासी चढउतार: एक विमान आशियात जाऊन चोवीस तासांच्या आत हेलसिंकीला परत येऊ शकतं. म्हणजे एका विमानावर रोजची सेवा चालते, रोज त्याच वेळेला निघते आणि युरोपातल्या तीसचाळीस शहरांतून येणारी छोटी विमानं तिला जोडता येतात. पॅरिसला किंवा फ्रँकफर्टला हे जमत नाही, ती शहरं आणखी दोन-एक तास लांब. पंचावन्न लाख वस्तीच्या देशाने या चोवीस तासांच्या हिशेबावर युरोप–आशिया वाहतुकीचं नाकं उभं केलं आणि २०१३ नंतरच्या दशकात हेलसिंकी विमानतळाच्या विस्तारावर सुमारे एक अब्ज युरो घातले.

वाट फुकट नव्हती. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीचा १९४४ चा शिकागो करार पहिल्याच कलमात प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशाचं संपूर्ण स्वामित्व देतो. पण पंधरावं कलम असंही सांगतं की नुसतं वरून जाऊ देण्याबद्दल कुणी पैसे आकारू नयेत. हवाई नियंत्रणाच्या सेवेचं शुल्क वेगळं, ते सगळेच घेतात. सायबेरियाची रॉयल्टी मात्र सेवेबद्दल नव्हती, वाटेबद्दलच होती, आणि तिला एअरोफ्लोतशी केलेल्या ‘व्यापारी करारा’चं रूप दिलं होतं. युरोपीय कंपन्या वर्षाकाठी कोट्यवधी युरो भरत. २००६ मध्ये युरोपीय संघ आणि रशिया यांच्यात ही वसुली २०१३ अखेर थांबवण्याचं ठरलं, आणि ती थांबली नाही. कंपन्या कुरकुरत भरत राहिल्या, कारण वळशाचं इंधन त्याहून महाग पडलं असतं. परवानगीची किंमत किती असते, याचा असा चोख बाजारभाव दुसरीकडे क्वचितच सापडेल.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. २७ तारखेला युरोपीय संघाने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी रशियाने ३६ देशांच्या विमान कंपन्यांना आपलं. फिनएअरने टोकियोची सेवा काही दिवस थांबवली आणि मार्चमध्ये दोन वाटांनी पुन्हा सुरू केली: एक उत्तरेची, ध्रुवावरून आणि अलास्काच्या बाजूने, जवळजवळ १९८३ चीच, दुसरी दक्षिणेची, कॉकेशस आणि मध्य आशियातून. उत्तरेच्या वाटेने १२,००० किलोमीटरहून जास्त उडावं लागतं. इंधन लागतं सुमारे ४० टक्के जास्त, आणि यातला एक भाग निव्वळ इंधन वाहून नेण्यासाठी जळतो, कारण तेराव्या तासाचं इंधन आधीचे बारा तास पाठीवर असतं. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं, म्हणून ध्रुवावर टाकीतल्या तापमानावर डोळा ठेवावा लागतो. वाटेत उतरायची वेळ आलीच तर म्हणून अतिथंड हवामानाचे पोशाख विमानात असतात. प्रशस्तिपत्रंही परत आली. आणि चोवीस तासांचा हिशेब मोडला. तेरा आणि तेरा सव्वीस होतात. रोजच्या एका सेवेला आता एक विमान पुरत नाही. हाताशी उरलेली काही विमानं फिनएअरने वैमानिकांसकट भाड्याने दिली. २०२३ पासून सिडनीहून सिंगापूर आणि बँकॉकला जाणारे क्वांटासचे काही प्रवासी फिनलंडच्या विमानात बसत होते. एक अब्ज युरोंचा विस्तार २०२३ मध्येच पुरा झाला होता.

यावर वाऱ्याची बाजू मांडता येईल. प्रवासाचा वेळ तर वारा ठरवतो, आणि वाऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही. जपानचं नाव यात मानानं घ्यायला हवं: तातेनोच्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी विसाच्या दशकात फुगे सोडून जपानवरच्या उंच, जोरकस पश्चिमी वाऱ्याची मोजणी केली. जगाला कळावं म्हणून त्यांनी ती एस्पेरान्तो भाषेत छापली, आणि त्यामुळेच बहुधा ती फारशी कुणी वाचली नाही. हाच आजचा जेट स्ट्रीम. त्याची ताकद मोठी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार झालेलं ब्रिटिश एअरवेजचं जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत आलं होतं. तरीही वाऱ्याचा फरक बहुतेक दिवशी तासाभराच्या आत-बाहेरचा, आणि जाताना मिळालेलं येताना बरंचसं परत द्यावं लागतं. टोकियो–लंडन मार्गावर २०२२ नंतर जे घडलं त्यात वारा आणि परवानगी यांची उतरंड स्वच्छ दिसते. सायबेरिया सोडल्यावर जपान एअरलाइन्सचं विमान टोकियोहून पूर्वेला निघून अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, ग्रीनलंड असं करत लंडनला येऊ लागलं, आणि परतताना मध्य आशियावरून तेही पूर्वेकडेच जाऊ लागलं, म्हणजे दोन्ही वेळा वारा पाठीशी. जाऊन-येऊन प्रवाशाची पृथ्वीप्रदक्षिणा होते. उरलेल्या दोन वाटांपैकी कुठली घ्यायची ते वाऱ्याने सांगितलं खरं, पण वाटा दोनच का उरल्या, ते वाऱ्याने ठरवलं नव्हतं.

आणि परवानगी सर्वांना सारखी नाकारली जात नाही, हा माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा. चिनी कंपन्या रशियावरूनच युरोपात येत राहिल्या. ब्रिटिश एअरवेजने ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडन–बीजिंग सेवा थांबवली, त्याच सुमारास व्हर्जिन अटलांटिकने शांघायची. एअर चायना लंडनला येतच आहे. शहरं तीच, विमानं तशीच, तिकीट काढणारे प्रवासीही तेच, वेळ मात्र शेपटीवरच्या झेंड्याप्रमाणे वेगळा. भारत या गणितात दोन्ही बाजूंना बसलेला आहे. एअर इंडियाची उत्तर अमेरिकेची विमानं रशियावरून जात राहिली. जून २०२३ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे पूर्व रशियातल्या मगदानला उतरलं तेव्हा ही सवलत जगाच्या डोळ्यांवर आली. पश्चिमेच्या बाजूला मात्र फासा उलटा पडतो. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आकाश बंद ठेवलं, तेव्हा २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचं ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला इंधनासाठी दोहाला थांबावं लागे. २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना ती हद्द पुन्हा बंद झाली. दिल्लीला याची झळ जास्त बसली. मुंबईच्या विमानाला अरबी समुद्रावरून ओमानकडे निघता येतं, म्हणून तिचा वळसा लहान. पण मुंबई–लंडन दोरा गोलावर ताणून पाहा, तो कराचीच्या जवळून जातो. ऑक्टोबर १९३२ मध्ये जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि टाटांची विमानसेवा सुरू झाली. आज त्याच टप्प्यावरून ब्रिटिश विमान लंडनला जाऊ शकतं, भारतीय जाऊ शकत नाही.

एक आक्षेप मात्र मी हलक्याने घेणार नाही. मग या बंद्या चूक आहेत का, जवळची वाट नेहमीच बरी का? तसं नाही. १७ जुलै २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचं एमएच १७ ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला जाताना पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं, २९८ जण गेले. त्या दिवशी तिथलं आकाश ३२,००० फुटांच्या खाली बंद होतं. विमान ३३,००० फुटांवर होतं. परवानगी होती आणि वाट जवळची होती. तेव्हा युद्ध चालू असताना आकाश बंद करणं हे शहाणपणाचंही असू शकतं, आणि आक्रमणाला उत्तर म्हणून ते बंद करण्यामागे नैतिक भूमिकाही असू शकते. माझा मुद्दा एवढाच की त्या भूमिकेची किंमत तासांत आणि टनांत मोजता येते आणि ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. रशियाला शिक्षा म्हणून घेतलेल्या निर्णयाचा मोठा भार रशियाला लागून असलेल्या एका छोट्या देशाच्या कंपनीने उचलला, आणि लाभ झाला तो तिच्या चिनी स्पर्धकांना. फिनलंडने हे ओळखूनच ती भूमिका घेतली. एप्रिल २०२३ मध्ये तो नाटोतही गेला.

उद्या मॉस्कोने परवानगी दिलीच, तर तेराचे नऊ लगेच होतील असंही नाही. २०२२ मध्ये भाड्याने घेतलेली चारशेहून अधिक पाश्चात्त्य विमानं रशियात अडकून पडली आणि त्यावरून मालकांचे आणि विमा कंपन्यांचे दावे न्यायालयांत गेले. तिथे विमान उतरवण्याची वेळ येईल अशा वाटेला विमा कोण देणार, आणि कुठल्या हप्त्याला, हा प्रश्न सरकारांच्या सहीने सुटत नाही. त्यात उपग्रहांच्या संदेशात होणाऱ्या ढवळाढवळीची भर पडली आहे. एप्रिल २०२४ च्या अखेरीस फिनएअरने एस्टोनियातल्या तार्तू शहराची सेवा महिनाभर थांबवली, कारण तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवरच अवलंबून होती आणि संदेश मिळेनासे झाल्याने विमानं न उतरता परत येत होती. उतरण्याची दुसरी पद्धत बसवल्यावर ती जूनमध्ये सुरू झाली. हेलसिंकी ते तार्तू हे अंतर अडीचशे किलोमीटरही नाही.